पहिल्यांदा वॉटर पोलो बघताना: तिकिटापासून निकालपत्रकापर्यंत

जागतिक जलक्रीडा अजिंक्यपद स्पर्धा म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पोहण्याच्या शर्यती येतात. आठ लेन, आठ जलतरणपटू, जो आधी भिंतीला हात लावेल तो जिंकला. त्यात समजावून सांगण्यासारखं फारसं काही नसतं. वॉटर पोलोचं, म्हणजे दोन संघांनी पाण्यात पोहत चेंडू एकमेकांच्या गोलमध्ये टाकण्याच्या खेळाचं, तसं नाही. पहिल्यांदा बघणाऱ्याला दर काही सेकंदांनी शिट्टी ऐकू येते, पाणी उसळताना दिसतं, मधेच कुणीतरी मान खाली घालून कोपऱ्याकडे पोहत निघतो आणि तो का निघाला हे कळत नाही. पहिलं सत्र संपेपर्यंत बरेच जण कंटाळतात आणि उठून जातात.

मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण पाण्यातल्या सगळ्या खेळांत इतकी चुरस मी दुसरीकडे पाहिलेली नाही. नियमांचं पुस्तक पाठ करायची गरज नाही. नजर कुठे ठेवायची एवढं कळलं की पुरे. पुढचा सगळा लेख एकाच सल्ल्याभोवती फिरतो: चेंडूच्या मागे धावू नका, गोलसमोर दोन मीटरवर काय चाललंय ते बघा.

पायरी १: वेळापत्रक नीट वाचा, मगच तिकीट काढा

ही स्पर्धा वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्स भरवते. या संघटनेचं जुनं नाव फिना. एकाच स्पर्धेत पोहणं, डायव्हिंग, आर्टिस्टिक स्विमिंग, खुल्या पाण्यातलं पोहणं आणि वॉटर पोलो असं सगळं असतं, पण प्रत्येकाचे दिवस आणि जागा वेगळ्या असू शकतात. २०२५ ला सिंगापूरमध्ये वॉटर पोलो ११ ते २४ जुलै असा झाला आणि तलावातल्या पोहण्याच्या शर्यती २७ जुलैला सुरू झाल्या. एकाच फेरीत दोन्ही बघू म्हणणाऱ्यांना त्या वेळी मुक्काम चांगलाच लांबवावा लागला असता. २०२२ ला यजमान बुडापेस्ट होतं, पण वॉटर पोलोचे काही सामने डेब्रेत्सेन, सेगेद आणि सोप्रोन या दुसऱ्याच शहरांत होते. म्हणून तिकिटावर शहराचं आणि तलावाचं नाव दोन्ही तपासा. पुढची स्पर्धा २०२७ ला पुन्हा बुडापेस्टलाच आहे, तेव्हा ही गोष्ट लक्षात असू द्या.

आतापर्यंतची रचना अशी: पुरुषांचे १६ संघ, महिलांचे १६ संघ, प्रत्येकी चार गट. गटात पहिला येणारा थेट उपांत्यपूर्व फेरीत जातो. दुसरा आणि तिसरा यांना आधी एक जादा सामना जिंकावा लागतो. चौथा आलेला संघ विजेतेपदाच्या शर्यतीतून बाद होतो, पण तेराव्या ते सोळाव्या क्रमांकासाठी खेळत राहतो. पुरुषांचे आणि महिलांचे सामने साधारणपणे एक दिवसाआड येतात. ठरावीक देशाचा पुरुष संघ बघायचा असेल तर सलग दिवसांची तिकिटं काढू नका, एक दिवस सोडून काढा.

एकच दिवस हातात असेल तर कुठला निवडावा? लोक अंतिम सामन्याच्या मागे लागतात. माझं मत विचाराल तर उपांत्यपूर्व फेरीचा दिवस घ्या. उरलेले आठही संघ त्या दिवशी पाण्यात उतरतात, हरणाऱ्याच्या पदकाच्या आशा तिथेच संपतात, आणि एकामागून एक असे चार सामने बघायला मिळतात. गटसाखळीच्या पहिल्या दिवशी मात्र बलाढ्य संघ नवख्या संघावर वीस-पंचवीस गोल चढवतो असंही होतं. खेळ शिकायला असा सामना फारसा उपयोगी पडत नाही, कारण त्यात झुंज नसते.

पायरी २: जागा उंचावर घ्या

पुढची रांग मिळाली तर आनंद होतो, पण पाण्याच्या पातळीवरून फक्त डोकी आणि तुषार दिसतात. कोण कुणाच्या पुढे आहे, कुणाला कुणी अडवलंय, मोकळी जागा कुठे आहे, हे वरूनच कळतं. लांब बाजूला, मधल्या किंवा वरच्या रांगेत, एका गोलच्या थोडं जवळ बसा. दुसऱ्या सत्रानंतर संघ बाजू बदलतात, त्यामुळे त्याच जागेवरून अर्धा सामना एका संघाचं आक्रमण आणि अर्धा सामना दुसऱ्याचं जवळून दिसतं.

तलाव उघडा असेल तर ऊन पाठीवर येईल अशी बाजू निवडा. पाण्यावरून परतणारा उजेड डोळ्यांत गेला की चेंडू दिसेनासा होतो. पोलराइज्ड गॉगल असेल तर न्या, पाण्यावरची चकाकी त्याने बरीच कमी होते. बंदिस्त तलावात हवा दमट आणि उबदार असते, तिथे हलके कपडे बरे.

पायरी ३: अर्धा तास आधी पोहोचा

सराव बघण्यासारखा असतो. गोलरक्षकावर एकापाठोपाठ एक फटके मारले जात असतात. त्यातला डावखुरा खेळाडू हेरून ठेवा. तो बहुधा गोलच्या उजव्या अंगाला, म्हणजे त्याला समोर गोल दिसत असताना उजव्या हाताला खेळेल, आणि समोरच्या संघाचा एक जण शिक्षेमुळे बाहेर जाऊन आपल्या संघाला जादा खेळाडूचा फायदा मिळाला की चेंडू त्याच्याकडे वारंवार जाईल.

सामना सुरू होण्यापूर्वी खेळाडू पंचांसमोर हात पुढे करून उभे राहतात. नखं कापली आहेत ना, हे पंच बघतात. इतक्या जवळून झोंबाझोंबी होणाऱ्या खेळात वाढलेलं नख म्हणजे दुखापत. अंगाला तेल किंवा चिकट काही लावायलाही बंदी असते, कारण मग पकड बसत नाही.

टोप्या ओळखा. एका संघाच्या पांढऱ्या, दुसऱ्याच्या गडद, बहुतेकदा निळ्या. दोन्ही गोलरक्षकांच्या लाल. टोपीवर क्रमांक असतो आणि कानांवर कडक प्लॅस्टिकचं कवच असतं, कारण चेंडू किंवा हात कानावर जोरात बसला तर पडदा फाटू शकतो. पाण्यात एका वेळी प्रत्येकी सात जण असतात: सहा खेळाडू आणि एक गोलरक्षक. बाकीचे काठावर बदलीसाठी थांबतात.

पायरी ४: काठावरच्या खुणा बघून ठेवा

पाण्यावर रेषा आखता येत नाहीत, म्हणून खुणा काठाला आणि कडेच्या दोरीला असतात. पांढरी खूण गोलरेषेची आणि मध्यरेषेची. लाल खूण गोलपासून दोन मीटरवर. तिच्या आत आक्रमक खेळाडू चेंडूच्या पुढे जाऊन थांबू शकत नाही, फुटबॉलमधल्या ऑफसाइडसारखा हा नियम आहे. पिवळ्या खुणेच्या बाहेर फाऊल झाला तर फ्री थ्रोवर, म्हणजे फाऊलनंतर मिळणाऱ्या बिनअडथळ्याच्या फेकीवर, थेट गोलवर फटका मारता येतो. सिडनी ऑलिम्पिकमध्ये २००० साली महिलांचा वॉटर पोलो पहिल्यांदाच खेळला गेला, आणि तिथल्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या इव्हेट हिगिन्सने अगदी शेवटच्या क्षणी अशाच फ्री थ्रोवर गोल करून अमेरिकेला ४-३ असं हरवलं. म्हणून शिट्टी वाजली की पहिल्यांदा बघा, चेंडू पिवळ्या खुणेच्या आत आहे की बाहेर.

गोल ३ मीटर रुंद असतो आणि त्याचा आडवा दांडा पाण्यापासून ९० सेंटिमीटर वर. पाणी इतकं खोल असतं की पाय टेकत नाहीत, आणि टेकवायची परवानगीही नसते. पुरुषांचं मैदान अनेक वर्षं ३० मीटर लांब होतं आणि महिलांचं २५. २०२५ पासून पुरुषांचंही २५ मीटर केलंय, त्यामुळे खेळ आणखी वेगवान झाला आहे. जुने सामने बघून आलात तर हा फरक लगेच जाणवेल.

पायरी ५: पहिलं सत्र फक्त पाय आणि हात बघण्यात घालवा

सामन्यात आठ-आठ मिनिटांची चार सत्रं. चेंडू थांबला की घड्याळही थांबतं, म्हणून ३२ मिनिटांचा खेळ प्रत्यक्षात तासभर किंवा थोडा जास्त चालतो. प्रत्येक सत्राची सुरुवात झेपेने होते. दोन्ही संघ आपापल्या गोलरेषेवर रांगेत उभे राहतात, शिट्टी वाजते आणि मध्यावर सोडलेल्या चेंडूकडे दोन्हीकडचा सर्वांत वेगवान खेळाडू सुटतो.

पहिल्या सत्रात गुणफलक विसरा. एका खेळाडूला निवडा आणि तो पाण्यावर कसा टिकून राहतो ते बघा. दोन्ही पाय आळीपाळीने, एकमेकांच्या उलट दिशेने गोल फिरत असतात. याला एगबीटर किक म्हणतात. सगळ्या खेळाचा पाया हाच. फटका मारताना खेळाडू कंबरेपर्यंत पाण्याबाहेर येतो, तो या पायांच्या जोरावर. मोठ्या पडद्यावर पाण्याखालच्या कॅमेऱ्याचं चित्र दाखवतात तेव्हा नजर हलवू नका. वर शांत दिसणाऱ्या दोन डोक्यांखाली केवढी ओढाताण चाललेली असते ते तेव्हाच कळतं.

हातांचं पथ्य सोपं आहे: गोलरक्षक सोडून कुणालाही चेंडूला दोन्ही हात लावता येत नाहीत. झेलायचा, धरायचा, फेकायचा, सगळं एका हाताने. पुरुषांचा चेंडू परिघाने साधारण ७० सेंटिमीटर, ओला, आणि झेलणारा स्वतः पाण्यात तरंगतोय. वीस मीटरवरून आलेला असा चेंडू एका तळहातात हळुवार थांबतो, तो क्षण बघत राहावा असा असतो.

पायरी ६: शिट्टीचं कोडं सोडवा

इथे थोडा वेळ द्या, कारण हे कळलं की खेळ उलगडतो.

मूळ सूत्र असं: ज्याच्या हातात चेंडू आहे त्याला धरता येतं, दाबता येतं, पाण्याखाली ढकलता येतं. ज्याने चेंडू सोडलाय त्याला हात लावता येत नाही. पहिल्यांदा वाचताना उलटं वाटेल, पण पूर्ण सामना यावर चालतो. खेळाडू दाबात आला की तो काय करतो? चेंडू हातातून सोडून देतो. चेंडू समोर तरंगतोय, हात रिकामा आहे, आणि पाठीवरचा बचावपटू अजून चिकटलेला आहे. पंच शिट्टी फुंकतात. साधा फाऊल. आक्रमक संघाला फ्री थ्रो मिळतो, चेंडू लगेच खेळता येतो आणि खेळ पुढे सरकतो.

म्हणजे तुम्हाला ऐकू येणाऱ्या बहुतेक शिट्ट्या शिक्षेच्या नसतातच. खेळ पुढे नेण्याचं ते रोजचं साधन आहे. आक्रमक मुद्दाम फाऊल ओढून घेतो, बचावपटूही पुष्कळदा मुद्दाम करतो, म्हणजे चेंडू धोक्याच्या जागी पोहोचण्याआधी सगळ्यांना जागेवर यायला वेळ मिळतो. या शिट्ट्यांनी त्रासून जाऊ नका, काही मिनिटांत कान सरावतात.

गंभीर फाऊल वेगळा. चेंडू हातात नसलेल्याला धरून ठेवणं, ओढणं, बुडवणं, फ्री थ्रो घेताना अडथळा आणणं, मुद्दाम तोंडावर पाणी उडवणं, यासाठी खेळाडूला काही सेकंद बाहेर काढतात. याला एक्स्क्लूजन म्हणतात. पंच त्या खेळाडूकडे बोट दाखवून हात बाहेरच्या दिशेने झटकतात आणि मग बोटांनी टोपीचा क्रमांक दाखवतात. मिटलेली मूठ म्हणजे दहा, तेव्हा एक मूठ आणि दोन बोटं म्हणजे बारा क्रमांक. खेळाडू आपल्या बाजूच्या कोपऱ्यात जातो. शिक्षेची वेळ संपली, गोल झाला किंवा त्याच्या संघाला चेंडू मिळाला, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा तो किंवा त्याच्या जागी दुसरा आत येऊ शकतो.

अशी तीन गंभीर फाऊलं झाली की त्या खेळाडूचा सामना संपला. संघ दुसरा खेळाडू उतरवू शकतो, पण तो मात्र परत येत नाही. म्हणून गुणफलकावर क्रमांकांपुढे दिसणाऱ्या खुणांवर लक्ष ठेवा. मुख्य बचावपटूची दोन फाऊलं दुसऱ्या सत्रातच झाली असतील तर समोरचा संघ उरलेला सामना त्याच्यावरच चाल करून जाणार.

पेनल्टी दिली की पंच पाचही बोटं पसरून हात वर करतात. फटका पाच मीटरवरून, समोर फक्त गोलरक्षक. गोलकडे तोंड करून फटक्याच्या तयारीत असलेल्या खेळाडूला मागून पकडलं की आता बहुतेकदा पेनल्टीच मिळते. या नियमामुळे बचावपटू हल्ली मागे अडकून पडायला घाबरतात आणि गोलच्या बाजूने राहायची धडपड करतात.

मारामारीला माफी नाही. दोषी खेळाडू कायमचा बाहेर जातो आणि संघाला काही मिनिटं एक खेळाडू कमी घेऊन खेळावं लागतं. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमधला हंगेरी आणि सोव्हिएत संघाचा सामना तुम्ही ऐकला असेल. हंगेरी ४-० ने पुढे असताना त्यांच्या एर्विन झादोरच्या डोळ्याखाली ठोसा बसला, तो रक्तबंबाळ होऊन बाहेर आला आणि सामना तिथेच थांबवावा लागला. त्या वर्षीच्या हंगेरीतल्या उठावाचा आणि तो चिरडल्याचा संताप त्या पाण्यात उतरला होता. वॉटर पोलो म्हणजे असंच काहीतरी, हा समज मात्र सोडून द्या. आज दोन पंच दोन काठांवर चालत असतात, व्हिडिओ तपासणी असते, आणि असं वागणं कुठल्याच संघाला परवडत नाही.

पायरी ७: आता दोन मीटरवर नजर लावा

आक्रमण मांडलं की एक खेळाडू गोलसमोर, दोन-तीन मीटरवर, गोलकडे पाठ करून ठाण मांडतो. हा सेंटर फॉरवर्ड. संघातला बहुधा सर्वांत दणकट माणूस. त्याच्या मागे किंवा अंगाला चिकटलेला बचावपटू म्हणजे सेंटर बॅक. बाकीचे पाच जण कमानीत पसरलेले असतात आणि चेंडू त्यांच्यात फिरतो. नवखा प्रेक्षक त्या चेंडूमागे नजर फिरवतो. तुम्ही ती मध्यभागीच ठेवा.

तिथे हे बघा: सेंटरचा खांदा बचावपटूच्या पुढे आहे का? असेल तर चेंडू आत येणार. बचावपटू एक हात उंच धरून चेंडूची वाट अडवतोय का? अधूनमधून तो हात उगाचच हवेत उंचावतो, मी धरलेलं नाही हे पंचांना दिसावं म्हणून. कमानीतला खेळाडू चेंडू सेंटरच्या हातात देत नाही, त्याच्या समोर पाण्यावर टाकतो. सेंटर चेंडूवर हात ठेवतो न ठेवतो तोच उचलून घेतो. त्या अर्ध्या क्षणात बचावपटूने ओढलं तर एक्स्क्लूजन. नाही ओढलं तर सेंटर वळून फटका मारणार. आणि बचावपटू चपळाईने पुढून येऊन चेंडू पळवू शकला तर तिथूनच प्रतिआक्रमण सुरू होतं, काठावरचे सगळे ओरडायला लागतात आणि पाच-सहा जण दुसऱ्या टोकाकडे सुसाट सुटतात.

सामन्याचा निकाल बहुतेकदा या दोन जणांच्या झुंजीत ठरतो, गोल कुणाच्याही नावावर लागो. मात्र ताकद हेच सर्वस्व समजू नका. स्पेनचा मनुएल एस्तियार्ते इतरांच्या मानाने किरकोळ अंगाचा होता. तो वेग आणि डोक्याच्या जोरावर सहा ऑलिम्पिक खेळला आणि १९९६ ला अटलांटात सुवर्णपदक घेऊन परतला.

पायरी ८: सहा विरुद्ध पाच

एक्स्क्लूजन झालं की लगेच मोजा: सहा आक्रमक, पाच बचावपटू. आता मांडणी बदलते. चार आक्रमक गोलसमोर दोन मीटरच्या रेषेवर ओळीने, त्यातले दोन गोलच्या दोन खांबांसमोर, आणि उरलेले दोन बाहेर वरच्या बाजूला. बचाव करणारे पाच जण तीन आत, दोन बाहेर असे उभे राहतात, हात वर, आणि चेंडू जिकडे जाईल तिकडे एकत्र सरकतात. पुढे सगळं पासच्या वेगावर. इथे चेंडू पाण्यावर टाकत नाहीत, हातातून थेट हातात फेकतात. दोन-तीन झटपट पास, बचाव एका बाजूला ओढला गेला, आणि उलट्या खांबापाशी कुणीतरी मोकळा सापडतो.

आक्रमक चेंडू उंच धरून फटक्याचा नुसता आव आणतो, एकदा, दोनदा, कधी तीनदा. गोलरक्षक आणि बचावपटू उसळून वर येतात, दमतात, पाण्यात खाली बसतात आणि नेमका तेव्हा फटका निघतो. पुढच्या वेळी कुणी असा आव आणला की गोलरक्षकाच्या उंचीकडे बघा. तो खाली येऊ लागला की गोल जवळ आलाच.

चांगल्या संघांच्या सामन्यात दोघेही साध्या आक्रमणात एकमेकांना फारसं काही करू देत नाहीत. फरक पडतो तो या जादा खेळाडूच्या संधींवर.

पायरी ९: दोन घड्याळं

एक सत्राचं, दुसरं ताब्याचं. गोलच्या आसपास उलटं मोजणारे आकडे दिसतात, ते ताब्याचे. पूर्वी आक्रमणाला ३० सेकंद मिळत, आता २५. फटका मारून परत चेंडू मिळाला तर दुसऱ्या खेपेला त्याहून कमी. आकडा पाचच्या खाली आला आणि वाट सापडत नसेल, तर खेळाडू चेंडू मुद्दाम दूरच्या कोपऱ्यात टाकून देतो. घाईचा फटका मारून प्रतिआक्रमण ओढवून घेण्यापेक्षा हे शहाणपणाचं असतं. प्रेक्षकांत कुणी हुर्यो करत असेल तर तुम्ही सामील होऊ नका.

शेवटची दोन मिनिटं बघताना चेंडू कुणाकडे हे आधी बघा. टाइमआउट फक्त चेंडू ताब्यात असलेल्या संघाला मागता येतो आणि ते मोजकेच असतात. एका गोलने मागे असलेल्या संघाने एक टाइमआउट राखून ठेवलाय का, हे जाणकार प्रेक्षक चौथ्या सत्राच्या सुरुवातीलाच बघून ठेवतात. गोलरक्षकालाही आता मध्यरेषा ओलांडायची मुभा आहे, त्यामुळे अगदी शेवटी आपला गोल मोकळा टाकून तोही पुढे येताना दिसू शकतो.

बाद फेरीत बरोबरी झाली तर जादा वेळ खेळत नाहीत, थेट पेनल्टी शूटआउट. प्रत्येकी पाच जण, मग गरज पडली तर एकेक. २०२३ ला फुकुओकात दोन्ही अंतिम सामने असेच संपले: महिलांत नेदरलँड्सने स्पेनला आणि पुरुषांत हंगेरीने ग्रीसला शूटआउटवर हरवलं. गाडी किंवा विमान धरायचं असेल तर या अर्ध्या तासाची सोय आधीच करून ठेवा.

पायरी १०: कुठल्या संघांवर नजर ठेवायची

पुरुषांत हंगेरी, सर्बिया, क्रोएशिया, स्पेन, इटली, ग्रीस, माँटेनेग्रो. ऑलिम्पिकमध्ये हंगेरीची नऊ सुवर्णपदकं आहेत आणि सर्बियाने २०१६, २०२० आणि २०२४ अशी सलग तीन जिंकली. जागतिक स्पर्धेत मात्र दरवेळी नवं नाव वर येतं: २०२३ ला हंगेरी, २०२४ ला क्रोएशिया, २०२५ ला स्पेन. म्हणूनच ती बघायला जास्त मजा येते.

महिलांचे सामने चुकवू नका, हा माझा आग्रह आहे. जागतिक स्पर्धेत महिलांचा वॉटर पोलो १९८६ ला माद्रिदमध्ये आला आणि पहिलं विजेतेपद ऑस्ट्रेलियाने घेतलं. नंतर अमेरिकेने दीर्घकाळ वर्चस्व गाजवलं, २०१५, २०१७ आणि २०१९ अशी लागोपाठ जगज्जेतेपदं मिळवली. आता तसं राहिलेलं नाही. २०२४ चं ऑलिम्पिक सुवर्ण स्पेनला मिळालं आणि २०२५ चं जगज्जेतेपद ग्रीसने हंगेरीला हरवून पटकावलं. महिलांचा चेंडू थोडा लहान असतो, पण पास आणि हालचालींची बांधणी जास्त स्पष्ट दिसते. खेळ समजून घ्यायला पहिला सामना महिलांचाच बघावा, असं मी प्रत्येकाला सांगतो.

पायरी ११: सामन्यानंतर निकालपत्रक उघडा

स्पर्धेच्या अधिकृत संकेतस्थळावर प्रत्येक सामन्याचं पत्रक असतं. गोल कुणी किती केले हे सगळेच बघतात. तुम्ही तीन आकडे शोधा. पहिला, जादा खेळाडूच्या संधी किती मिळाल्या आणि त्यातल्या किती साधल्या. समजा, एका संघाने दहापैकी सहा साधल्या आणि दुसऱ्याने दहापैकी तीन, तर बाकी काहीही झालेलं असो, सामना तिथेच फिरला. दुसरा, गोलरक्षकाने अडवलेले फटके, आणि शक्य असेल तर ते कुठून आले होते. लांबून आलेले दहा अडवणं आणि खांबाजवळून आलेले चार अडवणं, यात चार वाले जास्त मोलाचे. तिसरा, एक्स्क्लूजन कुणी मिळवून दिली. सेंटर फॉरवर्डच्या नावावर एकही गोल नसेल आणि तरी पाच-सहा एक्स्क्लूजन त्याने ओढली असतील, तर त्या दिवशीचा सर्वांत उपयोगी खेळाडू बहुधा तोच होता. पुढच्या सामन्यात त्याचा टोपी क्रमांक लक्षात ठेवा आणि पहिल्या शिट्टीपासून त्याच्यावरच नजर लावा.